मागच्या गाडीत सरूबाई

सरूबाईच्या आणि आमच्या घरात एकच भिंत, आणि तीही पत्र्याची. तिच्याकडं भाकरी करपली की वास आधी आमच्या घरात येतो. कोण कुणाला काय बोललं ते माझ्या बायकोला, वत्सलाबाईला, बोलणाऱ्याच्या आधी कळतं. म्हणून सरूबाईबद्दल मी जे लिहितोय ते ऐकीव नाही. मला थोडं वाढवून सांगायची सवय आहे, ती गावाला ठाऊक आहे. पण धारूरच्या घाटातलं जे सांगणार आहे त्यात माझ्या पदरचं काही नाही. तिथं मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलो होतो आणि चांगलाच भ्यालो होतो. भ्यालेल्या माणसाला वाढवून सांगायचं सुचत नाही.

सरूबाई दिसायला बुटकी, काटक, मनगटं मात्र बाप्या माणसासारखी. तिचा नवरा शहादेव सहा फुटी, मिशा राखलेला, आणि बोलायला बसला की उठायचं नाव नाही. त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवला तर महाराष्ट्रातले निम्मे साखर कारखाने त्याच्या एकट्याच्या गाडीवर चालले. खरी गोष्ट अशी की दोघं नवरा-बायको बावीस सीझन ऊसतोडीला जात होती. बैलगाडी, दोन बैल, वर तीन टन ऊस. रस्त्यानं जाताना शहादेव पुढं बैलांपाशी आणि सरूबाई गाडीच्या मागं.

मागं चालणाऱ्या बाईचं काम काय असतं, हे ज्यानं उतारावरून भरलेली गाडी नेली नाही त्याला कळायचं नाही. सपाटीला गाडी बैल ओढतात. उतारावर गाडीच बैलांना ढकलते. मग मागची बाई गाडीला बांधलेल्या दोराला लोंबकळते, चाकापुढं दगड टाकते, टाचा मातीत रोवते. आणि ओझं तरीही आवरलं नाही, तर पुढच्याला ओरडून सांगते, "सोड." सोड म्हणजे बैलांचे कासरे ढिले कर, त्यांना पळू दे. कारण तेव्हा बैल आवरून धरले तर गाडी त्यांच्या अंगावर जाते. हा शब्द कधी बोलायचा आणि कधी नाही, यावर बैलांचा जीव असतो. बावीस वर्षांत सरूबाईचे बैल एकदाही चेंगरले नाहीत. शहादेव हे सांगतो तेव्हा "माझे बैल" म्हणतो.

पुढं बैलगाड्या कमी झाल्या, ट्रॅक्टर आले. एका कारखान्यावर मुकादमाचा ट्रॅक्टर रिकामा उभा असायचा. शहादेव त्यावर शिकला, आणि तो जेवायला बसला की सरूबाई शिकली. बीडला जाऊन तिनं रीतसर लायसन काढलं. ते रेशनकार्डाबरोबर लोखंडी पेटीत पडून होतं. शहादेव आमच्या उमापूरच्या सोसायटीत ट्रॅक्टरचा ड्रायव्हर लागला. मी त्याच सोसायटीत शिपाई. सरूबाई मजुरीला जात राहिली.

दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या आणि बोअरमधून पाण्याऐवजी फुफाटा उडायला लागला. निम्म्या गावाची जनावरं छावणीत. वस्त्या-तांड्यांवर पाणी पोचवायचं काम सोसायटीनं घेतलं, पाच हजार लिटरचा टँकर आणला. सोसायटीचे ट्रॅक्टर दोन. एकावर शहादेव होता, दुसऱ्यावरचा ड्रायव्हर चाकणला कंपनीत निघून गेला होता. संचालकांची मीटिंग भरली, तेव्हा सरूबाई लायसन घेऊन दारात येऊन उभी राहिली. मी चहाचे कप घेऊन आत चाललो होतो, तर ती माझ्या मागोमागच आत शिरली.

चेअरमन धोंडीराम मनानं वाईट माणूस नाही, पण हसला की थांबत नाही. पोटभर हसून झाल्यावर म्हणाला, "सरूबाई, टँकर म्हंजे काय डोक्यावरचा हंडा हाय का? पाच हजार लिटर पाणी मागून ढकलतंय."

"मागून ढकलणाऱ्यालाच वळखते मी, साहेब," ती म्हणाली. "म्होरं बसणाऱ्याला निस्ता रस्ता दिसतो."

संचालक मंडळ एकमेकांकडं बघायला लागलं. शहादेव भिंतीला टेकून उभा होता, तो मिशीला हात लावून छताकडं बघत राहिला. बायकोची बाजू घ्यावी तर संचालक हसतील, न घ्यावी तर घरी जेवण मिळणार नाही.

तेवढ्यात विषयपत्रिकेवरचा पुढचा विषय निघाला. तो होता गाडीचा.

सोसायटीला त्या वर्षी साठ वर्षं होत होती. पहिले चेअरमन विठ्ठलराव. त्यांची काळी लँडमास्टर मोटार होती, अँबॅसिडरच्याही आधीची. पंचावन्न साली घेतलेली. तिच्यातून त्यांनी गावोगाव फिरून सभासद गोळा केले, आणि बहात्तरच्या दुष्काळात तलावाच्या कामावर सुकडीची, म्हणजे मजुरांना वाटायच्या गोड पिठाची, पोती त्याच गाडीतून यायची. सरूबाई तेव्हा अकरा वर्षांची, आई दगडाबाईबरोबर माती वाहायची. एकदा तिनं त्या चकचकीत मडगार्डवर हात ठेवला. विठ्ठलरावांच्या ड्रायव्हरनं फडकं काढलं आणि तेवढीच जागा पुसली. हे तिनं आयुष्यात एकदाच माझ्या बायकोला सांगितलं. रागानं नाही, सहज, गहू निवडता निवडता.

विठ्ठलरावांनी म्हातारपणी ती गाडी थोरल्या लेकीला, केसरबाईंना दिली. केसरबाईंचं सासर घाटनांदूर. वीस वर्षं गाडी तिथं शेडमध्ये उभी होती. पोरं भंगारात घालायला निघाली, तेव्हा केसरबाईंनी सोसायटीला निरोप पाठवला की बापाची गाडी बापाच्या गावाला घेऊन जा. इंजिन जाम झालेलं. म्हणजे ओढून आणायची. घाटनांदूर ते उमापूर, दीडशे किलोमीटरच्या वर, आणि मध्ये धारूरचा घाट, तोही उतरायचा.

ओढणारा शहादेव, हे ठरलेलंच होतं. ओढल्या जाणाऱ्या गाडीत स्टेअरिंगला कोण बसणार, यावर सगळ्यांनी एकमेकांची नावं सुचवली. सरूबाई अजून आतच उभी होती.

"मी बसते," ती म्हणाली.

धोंडीराम या वेळी हसला नाही. त्यानं थोडा विचार केला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बस. ही गाडी एक नवा चरा न पडता गावात आण. आणलीस तर टँकरचं स्टेअरिंग तुजं. न्हाई आणलीस, तर पुन्यांदा हा विषय काढायचा न्हाई."

"मंजूर," ती म्हणाली, आणि जाताना माझ्या हातातला एक चहा घेऊन गेली.

माझीही वर्णी लागली. घाटनांदूरला गाडीवर आधीचे चरे किती ते कागदावर लिहून घ्यायचे आणि वाटेनं लाल फडकं घेऊन मडगार्डवर बसायचं, मागं-पुढं बघायला. धोंडीरामनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "बन्सी, नवा चरा पडला तर शेजार बघू नको." मी म्हटलं, साहेब, शेजाऱ्याचं वंगाळ सांगायला मला कधी कुणी आडवलंय का?

घाटनांदूरला आम्ही दोन दिवस होतो. अंबाजोगाईचा मेस्त्री राधाकिशन आला. त्यानं ब्रेकची सगळी रबरं बदलली, नवं ऑइल घातलं, चारी चाकांना ट्यूब टाकल्या, हॉर्नपुरती बॅटरी बसवली. काम झालं म्हणून तो हात पुसायला लागला, तर सरूबाई गाडीखालून बोलली. हातब्रेकची वायर ढिली आहे म्हणाली. राधाकिशन म्हणाला, बाई, हातब्रेक उभ्या गाडीला लागतो, चालत्या गाडीला काय करायचाय. ती म्हणाली, आवळा. त्यानं आवळली.

मग दोराची भानगड. राधाकिशनचं म्हणणं, दोर नकोच, लोखंडी दांडा बनवतो, पुढं ट्रॅक्टरला आणि मागं गाडीला पक्का बसवतो, म्हणजे गाडी ट्रॅक्टरच्या अंगावर येणार नाही. हे सगळ्यात बरं. पण त्यासाठी गाडीच्या पुढच्या बाजूला दोन भोकं पाडायला लागणार होती. केसरबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, ओट्यावर खुर्ची टाकून सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, भोक पाडायचं न्हाई. बापाच्या गाडीला मी भोक पाडू देणार न्हाई. संपलं. राहिला दोर.

शहादेवनं दोर बंपरला बांधायला घेतला, तोही चांगला आखूड, सहा हात. सरूबाईनं तो सोडला. बंपर उपटून येईल म्हणाली, आणि खाली वाकून चासीच्या लोखंडाला बांधला, वर गोणपाट गुंडाळलं म्हणजे घासायला नको. लांबी ठेवली दहा हात. "जवळ बांधलं तर मला थांबायला जागा कुटं?" दोराच्या मधोमध माझं दुसरं लाल फडकं बांधलं, म्हणजे मध्येच कुणी आडवं जाऊ नये. खुणा ठरल्या: एक हॉर्न म्हणजे चल, दोन म्हणजे हळू, तीन म्हणजे थांब. शहादेव म्हणाला, त्याला शिकवायची गरज नाही. सरूबाई म्हणाली, शिकवत नाही, सांगते.

मी कागद घेऊन गाडीभोवती फिरलो. तेवीस चरे निघाले, दोन पोचे, आणि मागच्या काचेला एक तडा. केसरबाईंकडून सही घेतली.

निघायच्या सकाळी केसरबाई ताट घेऊन आल्या. गाडीला हळद-कुंकू लावलं, बॉनेटवर हिरवा खण बांधला, आणि मागच्या सीटवर ओटी ठेवली: तांदूळ, खारका, हळकुंड आणि एक चांगला मोठा नारळ. लेक माहेरी निघाली की भरतात तशी. मला हसू येत होतं. आमच्या बौद्ध घरांत आम्ही हे करत नाही. सरूबाई तर असल्या गोष्टींना हातही लावत नाही. तिनं एकदा त्या नारळाकडं पाहिलं. गाडी चालवणाऱ्या बाईला आत सुटी वस्तू आवडत नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

केसरबाई म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यानं मला जायाला होत न्हाई, सरूबाई. ही तरी म्हायेरी जाईल. गावच्या येशीपत्तोर ही वटी हलवू नगा."

सरूबाईनं मान हलवली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. आमच्यापैकी कुणालाही त्या नारळाला फडक्यात बांधावं असं सुचलं नाही. ओटी बांधून ठेवत नाहीत ना.

पहिल्याच किलोमीटरला भांडण. शहादेवनं क्लच असा सोडला की लँडमास्टरनं मान हलवली. मागून तीन हॉर्न. त्या हॉर्नचा आवाज म्हणजे म्हातारीला ठसका लागल्यागत. सरूबाई उतरून ट्रॅक्टरजवळ आली.

"दोर ढिला पडला तर चूक माजी," ती म्हणाली. "झटका बसला तर चूक तुमची. आता सांगा, कुणाची?"

"रस्ताच तसा हाय," शहादेव म्हणाला.

"रस्त्याची कशाला चूक? क्लच तुमच्या पायाखाली हाय."

त्यानंतर झटका बसला नाही. मी मागं तोंड करून बसलो होतो, त्यामुळं मला दिसत होतं ती काय करते. तिचा पाय सतत ब्रेकवर. दाबलेला नाही, टेकवलेला. शहादेवनं जरा वेग कमी केला की तीही तेवढाच कमी करायची, दोर जमिनीला टेकू द्यायची नाही. दहा हात दोर, आणि अंबाजोगाईपर्यंत तो एका सरळ रेषेत. दर दहा किलोमीटरला ती थांबवून चाकांना हाताची मागची बाजू लावून बघायची. गरम असली की पंधरा मिनिटं सावलीत. मी एकदा शहाणपणानं बाटलीतलं पाणी चाकावर ओतायला गेलो, तर तिनं हात धरला. तापलेलं लोखंड गार पाण्यानं तडकतं म्हणाली. आणि वर म्हणाली, "भावजी, ह्या सालात चाकाला पाणी पाजता? छावणीत सांगू का?"

रस्त्यानं आमची वरात बघायला लोक गोळा व्हायचे. हिरवा खण, कुंकू, काळी मोटार, आणि पुढं मडगार्डवर लाल फडकं घेतलेला मी. केजच्या अलीकडं छावणीतल्या बायकांनी आम्हाला थांबवलं आणि नवरी कुठाय विचारलं. सरूबाईनं माझ्याकडं बोट केलं. "नवरदेव त्यो बसलाय मडगार्डवर. नवरी पसंत न्हाई म्हणून तोंड मागं करून बसलाय." बायका इतक्या हसल्या की एकीचा हंडा पडला. रिकामाच होता. पुढं एका गावात लोक टँकर आला म्हणून भांडी घेऊन पळत आले, आणि ही नुसती मोटार आहे म्हटल्यावर कुणी शिव्या दिल्या नाहीत. एक म्हातारा गाडीला हात लावून म्हणाला, विठ्ठलरावाची का? मग पोरांना सांगायला लागला की या गाडीतली सुकडी मी खाल्लीय. सरूबाई त्याचं सगळं बोलणं होईपर्यंत थांबली.

धारूर सोडलं तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. घाटाच्या तोंडाशी तिनं गाडी थांबवली, चारी चाकांना हात लावला, अर्धा तास बसवून ठेवलं. शहादेवला म्हणाली, दुसऱ्या गियरमध्येच उतरायचं, क्लचला पाय लावायचा नाही. तो म्हणाला, मी या घाटातून झोपेत उतरलोय. ती म्हणाली, आज जागे राहून उतरा.

ज्यांनी तो घाट पाहिला नाही त्यांना सांगतो: रस्ता अरुंद, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खोल दरी, आणि वळण संपलं वाटतं तिथंच दुसरं सुरू होतं. समोरून एसटी आली की दोघांपैकी कुणीतरी श्वास धरायचा. पहिली दोन वळणं झकास गेली. दोर ताठ. मी तर तंबाखू मळायला घेतली होती.

तिसऱ्या वळणानंतर उतार एकदम वाढतो. तिथं मी मागं बघितलं तर दोराचा मधला भाग खाली आला होता. लाल फडकं डांबराला टेकलं. मला वाटलं, एकदा झालं, होईल ताठ. झालं नाही. दोर अजून ढिला पडला, आणि लँडमास्टर जवळ यायला लागली. काचेतून सरूबाईचा चेहरा दिसत होता. ती खाली पायाकडं बघत होती. या बाईनं सकाळपासून एकदाही रस्त्यावरून नजर काढली नव्हती.

झालं होतं असं. मागच्या सीटवरचा नारळ उतारानं घरंगळला, पुढच्या सीटच्या खालून सरकला, आणि बरोबर ब्रेकच्या पॅडलखाली जाऊन बसला. ती दाबत होती, पण पॅडल खाली जातच नव्हतं. मागं दीड टन लोखंड, पुढं ट्रॅक्टर, आणि मधे दहा हातांतले सहाच हात उरलेले.

मी काय केलं ते लपवत नाही. मी लाल फडकं हलवलं आणि शहादेवच्या कानात ओरडलो, थांब, थांब. कुठल्याही शहाण्या माणसाला हेच सुचलं असतं, आणि हेच चूक होतं. शहादेवचा पाय ब्रेककडं गेलाही होता. तो थांबला असता तर गाडी मागून ट्रॅक्टरवर आदळली असती. बॉनेट गेलं असतं, आणि दरीकडच्या वळणावर आदळल्यावर काय काय गेलं असतं ते मला आजही मोजायचं नाही.

मागून हॉर्न वाजला नाही. एक, दोन, तीन, यातलं काहीच तिच्या कामाचं नव्हतं. तिनं खिडकीतून मान बाहेर काढली आणि ओरडली, "सोड."

शहादेवनं माझ्याकडं बघितलं नाही, मागंही बघितलं नाही. ब्रेककडं गेलेला पाय उचलला आणि ट्रॅक्टर दामटला. घाटात, उतारावर, वळणाच्या तोंडाशी. मी दोन्ही हातांनी मडगार्ड धरलं, तंबाखू दरीत गेली. ट्रॅक्टर पुढं गेला तशी मधली जागा वाढली, दोर जमिनीवरून उचलला, आणि हळूच ताठ झाला. झटका नाही. कारण मागं सरूबाईनं हातब्रेक एकदम न ओढता एक एक दात करून ओढायला घेतला होता. दोर ताठ राहील एवढाच, जास्त नाही. तेवढ्या वेळात तिनं चप्पल काढली, डाव्या पायाची बोटं नारळाखाली घातली आणि तो बाजूला सारला. मग पाय ब्रेकवर. मला दिसलं, गाडीचं नाक किंचित खाली झुकलं. मग तीन हॉर्न, नीट मोजून.

थांबलो तेव्हा डाव्या अंगाला डोंगराची कड वीतभर लांब होती. गाडीला लागली नव्हती. एक एसटी वर येत होती. तिचा ड्रायव्हर मान बाहेर काढून विचारून गेला, इथं कशाला थांबलात, जागा मिळाली नाही का?

शहादेव उतरला, गाडीपाशी गेला, नारळ उचलला आणि दरीत फेकायला हात वर केला. सरूबाईनं तो हातातून घेतला. "म्हातारीला शब्द दिलाय," म्हणाली. "त्या नारळाचा काय गुन्हा? बांधायची अक्कल आपल्याला न्हाई." आणि तो माझ्या मांडीवर दिला. उरलेला घाट मी नारळ पोटाशी धरून उतरलो, आणि जवळ राहून त्यालाही माझ्याइतकीच भीती वाटत असावी असं मला वाटायला लागलं.

तेलगावला चहा प्यायलो. सरूबाईनं कप तोंडापर्यंत न नेताच खाली ठेवला आणि हात मांडीखाली घेऊन बसली. तिथून माजलगावपर्यंत शहादेव एक शब्द बोलला नाही. त्याला ओळखणाऱ्यांना ही घाटापेक्षा मोठी बातमी आहे. मी तीनदा विषय काढून बघितला. शेवटी म्हणालो, आरं शहादेवा, जीभ दरीत पडली का? तरी नाही. माजलगावला सरूबाईची बहीण अंजना राहते, तिच्या दारात गाडी लावून मुक्काम केला. जेवताना त्यानं स्वतः उठून सरूबाईला पाणी आणून दिलं. अंजनानं मला खूण करून विचारलं, भांडण झालंय का? मी म्हटलं, नाही, उलटं काहीतरी झालंय.

दुसऱ्या दिवशी गढीला हायवे ओलांडला. तिथले ट्रक पाहून मी पुन्हा मडगार्ड घट्ट धरलं, पण सरूबाई एका बाजूला उभं राहून दहा मिनिटं रहदारीचा अंदाज घेत राहिली, मग एक हॉर्न, आणि आम्ही पलीकडं. गेवराई मागं पडली. दुपारी दोनच्या सुमाराला उमापूरची वेस दिसली.

सगळं गाव सोसायटीच्या गोदामापुढं. धोंडीराम पांढरे कपडे घालून पुढं उभा. गाडी थांबली तसा तो गाडीभोवती फिरायला लागला, अगदी सोनाराकडं दागिना बघतात तसा वाकून. डाव्या मडगार्डपाशी थांबला.

"ह्यो काय?"

मी कागद काढला. "सातवा, साहेब. जुना. केसरबाईंची सही हाय."

तो पुढं गेला. चाकाच्या वर एक पोचा. तोही कागदावर. मागच्या काचेचा तडा, तोही. तेवीसच्या तेवीस मोजून झाले. चोविसावा नव्हता. लोक टाळ्या वाजवायला लागले. धोंडीरामनं हार उचलला आणि सरळ शहादेवच्या गळ्याकडं नेला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी आजही म्हणतो. हार ट्रॅक्टरवाल्याच्या गळ्यात घालायचा असतो, एवढंच त्याला ठाऊक. मला मात्र धडकी भरली. हार मिळाल्यावर शहादेव काय काय बोलेल, आणि त्यात ती बावीस वर्षं, ते बैल, आणि आता हा घाटसुद्धा "माझा" होऊन जाईल.

शहादेवनं हार हातानं अडवला. त्याच्या तोंडून आयुष्यात इतकं थोडं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं.

"मी निस्ता वढली, चेअरमनसाहेब. आणली तिनं. घाटात म्या थांबलो असतो तर ही गाडीबी न्हवती आन् आमीबी न्हवतो."

मग तो थांबला. लोक पुढचं ऐकायला थांबले. त्यानं एवढंच जोडलं, "बैलंबी तिनंच राखली व्हती."

सरूबाई अजून गाडीतच बसली होती, दोन्ही हात स्टेअरिंगवर. तिनं खाली मान घातली. माझी वत्सलाबाई बायकांत उभी होती, तिनं पदर डोळ्याला लावला. आणि मी, जो कुणाचंही कौतुक करताना शेवटी एक टोमणा ठेवतो, त्या दिवशी टोमणा शोधत राहिलो आणि सापडला नाही.

धोंडीरामनं दार उघडलं. आधी हार तिला दिला. मग खिशात हात घालून दुसऱ्या ट्रॅक्टरची किल्ली काढली. म्हणजे हा माणूस किल्ली खिशात घेऊनच आला होता. "शब्द म्हंजे शब्द," म्हणाला. "सत्काराचा कार्यक्रम रविवारी ठेवू. सोसायटीच्या साठ वर्षांत असलं काम झालेलं न्हाई. भाषण करायला लागंल तुला."

सरूबाईनं किल्ली घेतली आणि गाडीतून उतरली. हार बॉनेटवर ठेवला.

"सत्काराचं बघू," ती म्हणाली. "तांड्यावर चार दिस पाणी गेलेलं न्हाई. टाकीत डिझेल हाय का?"

नव्हतं. कुणी बघितलंच नव्हतं. मला कॅन देऊन मोटारसायकलवर गेवराईला पिटाळण्यात आलं, दोन दिवसांच्या धुळीनं भरलेला, दुपारचा न जेवलेला. चार वाजता मी परत आलो, तर ती टँकर जोडून, टायरमधली हवा बघून, ट्रॅक्टरवर बसूनच होती. संध्याकाळी पाचला पाच हजार लिटर पाणी घेऊन ती वस्तीच्या उतारावरून खाली गेली. पाठीमागून शहादेव पायी गेला, हात मागं बांधून. नळी धरायला.